वाचकांचे प्रश्न : देवाची इच्छा कशी ओळखावी, आणि कुणासोबत?

या वेळी निवडलेली पत्रे वेगवेगळ्या गावांतून आली आहेत. काही कॅथलिक वाचकांची आहेत, काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांतली. विचारणा मात्र एकाच ठिकाणी येऊन थांबते: देव मला काय सांगतो आहे हे मी एकट्याने कसे ठरवू? ‘एकट्याने’ या शब्दाशी आमचे भांडण आहे. पुढच्या उत्तरांत ते ठिकठिकाणी दिसेल.

प्रश्न : मी पुण्यात परिचारिका आहे. आयर्लंडमधल्या रुग्णालयात नोकरी मिळते आहे. आई घरी एकटी असते. प्रार्थना करून डोळे मिटून बायबल उघडले, तर अब्राहामाला देश सोडून जायला सांगितले ते वचन समोर आले. करारावर सही करायला तीन आठवडे आहेत. वचन मिळाले, म्हणजे जावे असे समजू का?

तेवढ्यावरून समजू नका. त्याच बायबलमध्ये यिर्मयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात उरलेले लोक ‘मिसरात जाऊ का?’ असे विचारतात, आणि देव त्यांना सांगतो की याच देशात राहा. पान तिथे उघडले असते तर तुम्ही नोकरी नाकारली असती का? रोजच्या वापरातले बायबल बांधणी जिथे सैल झाली आहे तिथेच उघडते. बहुतेकांच्या प्रतीत ती जागा स्तोत्रसंहितेच्या आसपास असते. देव एखाद्या वचनातून माणसाला हलवतो हे आम्ही नाकारत नाही. पण असे वचन म्हणजे चौकशीची सुरुवात. तिथेच चौकशी संपवली की गडबड होते.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय सावकाश वाचा. पौल आणि त्याच्या सोबत्यांना आशिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनियाची वाट बंद झाली, मग त्रोवसला रात्री पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण दहाव्या ओवीत क्रियापद अनेकवचनी येते: देव आपल्याला तिकडे बोलावतो आहे, असे *आम्ही* अनुमान केले. बंद झालेल्या वाटा, दृष्टांत आणि सोबत्यांचा विचार या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा ते निघाले. आणि पोहोचल्यावर काय झाले? फिलिप्पैत फटके आणि तुरुंग. म्हणून ‘सगळे सुरळीत झाले तरच देवाची इच्छा’ ही कसोटीही बाजूला ठेवा.

तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. ते पुरतील.

पहिल्या आठवड्यात प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘जाणे ही देवाची इच्छा आहे का?’ असा नको, कारण त्याला फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. ‘आईची सोय लावून मी या कराराच्या मुदतीपुरते जावे, की इथेच राहावे?’ असा लिहा. मग माहिती गोळा करा. करार किती वर्षांचा, मध्येच सोडला तर काय भरावे लागते, एजंट किती मागतो, आईची औषधे कोणती, रात्री दोन वाजता तिला त्रास झाला तर दार कोण उघडणार, तिकडे राहण्याच्या जागेपासून चालत किंवा एका बसने जाता येईल असे चर्च आहे का. माहिती काढली की विश्वास उणा पडतो, असे काहींना वाटते. पण बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करायला प्रभूनेच सांगितले आहे. आईबद्दलची आज्ञा तर स्पष्ट आहे. देवाच्या नावाने अर्पण करून आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात खडसावले. याचा अर्थ जाऊ नका असा नाही. मात्र ‘आईकडे देव बघेल’ असे म्हणताना शेजारच्या किंवा नात्यातल्या एका माणसाचे नाव आणि त्याचा होकार हातात हवा.

दुसऱ्या आठवड्यात कागदाचे चार भाग करा: जाण्याचे फायदे, जाण्याचे तोटे, राहण्याचे फायदे, राहण्याचे तोटे. ही रीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतली आहे. फक्त जाण्याचेच फायदे-तोटे लिहिले तर राहण्याचा विचार कधी होतच नाही, म्हणून भाग चार. त्यानंतर तीन दिवस मनाशी ‘जायचे ठरले’ असे धरून वागा, पुढचे तीन दिवस ‘राहायचे ठरले’ असे धरून. रोज सकाळी आणि रात्री मनाची अवस्था एका ओळीत लिहा. सातव्या दिवशी वही उघडू नका.

वहीत काय शोधायचे? उत्साह नव्हे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून इग्नेशियस घरी पडून होते, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दरबारातल्या मानमरातबाची स्वप्ने रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडे पडायचे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की त्याचे समाधान मागे टिकून राहायचे. तेव्हा विचार आल्यावर काय वाटते त्यापेक्षा तो गेल्यावर काय उरते, ते टिपा. त्यांचा आणखी एक नियम तुमच्या कामाच्या माणसांनी पाठ करावा असा आहे: मन खिन्न आणि अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. लागोपाठ दोन रात्रपाळ्या झाल्यावर किंवा वॉर्डात भांडण झाल्यावर ‘आता जातेच’ असे ठरवू नका.

तिसऱ्या आठवड्यात तीन माणसांना बसवा. एक वचन जाणणारे, पाळक किंवा फादर. एक तिकडे काम केलेली परिचारिका. आणि एक तुमचे घर ओळखणारे, तोंडावर ‘नको’ म्हणू शकेल असे माणूस. होकारच देतील अशी तिघे निवडली तर ती भेट व्यर्थ जाते. त्यांना चार भागांचा कागद आधी द्या. ‘मी काय करू?’ असे विचारू नका. ‘मला काय दिसत नाही?’ असे विचारा. तासभर बोलणे आणि प्रार्थना. निर्णय मुदतीच्या दोन दिवस आधी घ्या, तो प्रार्थनेत देवासमोर ठेवा, एक रात्र जाऊ द्या, मग सही करा किंवा नकार कळवा. पहिल्या महिन्यात शंका येणारच. वस्तुस्थिती बदलली नसेल तर प्रश्न पुन्हा उकरू नका.

प्रश्न : मुलीला दोन स्थळे आली आहेत. ‘रविवारच्या आत ज्यांचा फोन येईल ते स्थळ प्रभूचे’ असे मागणे योग्य आहे का? गिदोनाने लोकर ठेवली होती ना? — अहिल्यानगरहून एक वडील

शास्ते सहावा अध्याय पुन्हा वाचला तर दिसेल की काय करायचे ते गिदोनाला आधीच सांगितलेले होते. ‘तू सांगितल्याप्रमाणे’ असे तो स्वतःच म्हणतो. रात्री लोकर बाहेर ठेवून दव फक्त तिच्यावर पडते का, ही खूण त्याने मागितली ती भीतीपोटी, आणि देवाने ती सहन केली. अनुकरण करण्यासारखा तो भाग नव्हे. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून चिठ्ठ्या टाकून झालेली मत्थियाची निवड पेन्टेकॉस्टच्या आधीची आहे. आत्मा उतरल्यानंतर नव्या करारात मंडळीने कुठलाही निर्णय चिठ्ठीने घेतलेला आढळत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमात मोठा वाद होतो, साक्षी ऐकल्या जातात, शास्त्र काढले जाते आणि मग पत्रात लिहिले जाते की पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले.

फोन लवकर येण्यामागे मध्यस्थाची घाई असू शकते. त्यापेक्षा दोन्ही घरांत जाऊन या. मुलगा घरच्या बाईमाणसांशी कसा बोलतो, दारू आहे का, कर्ज किती, मंडळीत त्याच्याबद्दल पाळक काय सांगतात, हे पाहा. दोघांना किमान तीन-चार वेळा मोकळेपणी बोलू द्या. आणि सर्वांत आधी मुलीला विचारा. तुमच्या पत्रात तिचे मत काय ते एकाही ओळीत नाही.

प्रश्न : उपवास-प्रार्थनेत बाहेरून आलेल्या बंधूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ‘देव म्हणतो, ही नोकरी सोड आणि सेवेत ये’ असा संदेश दिला. घरात मी एकटाच कमावता आहे. न ऐकणे म्हणजे आज्ञाभंग होईल का? — नाशिक

संदेश तपासणे हा आज्ञाभंग नाही, उलट तीच आज्ञा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकेच्या मंडळीलाही तो म्हणतो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. ज्या सभेत पारख करायला मुभा नाही, तिथे वचनाचा अर्धाच भाग पाळला जातो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायातला अगब या संदेष्ट्याचा प्रसंग तुमच्या उपयोगाचा आहे. पौल यरुशलेमात बांधला जाईल असे अगबाने सांगितले, आणि ते खरे होते. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा काढला. पौलाने तो ‘तयार राहून जा’ असा घेतला. म्हणजे संदेश खरा असला तरी त्याचा अर्थ लावणे उरतेच. तो अर्थ ज्याला जायचे आहे त्याने आणि त्याच्या मंडळीने लावायचा असतो.

आता करायच्या गोष्टी. त्याच रात्री संदेशाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. आठवड्याभरात आठवण त्यात भर घालते. तुमच्या मंडळीतल्या दोन वडीलजनांना तो कागद दाखवा. सेवेची हाक आधीपासून मनात होती का, हे स्वतःला विचारा. बहुधा असा संदेश आतल्या हाकेला दुजोरा देतो, संपूर्ण अनोळखी गोष्ट लादत नाही. अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे काढले गेले तेव्हा दोघेही आधीपासून सेवेतच होते, आणि पाठवणारी मंडळी त्यांना ओळखत होती. हाक खरी वाटली तर नोकरी न सोडता वर्षभर रविवारच्या शाळेत, रुग्णभेटीत, तरुणांत काम करा. वर्षानंतर मंडळीच तुम्हांला सांगेल.

चार गोष्टी कानावर आल्या तर मात्र तिथेच थांबा: पाळकांना सांगू नकोस, आजच ठरव, अमुक रक्कम अर्पण कर, औषध बंद कर. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या कुणाच्याही संदेशावरून थांबवू नका. ते डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : रोज अर्धा तास प्रार्थना करते. मागण्या सांगून होतात, मग शांतता. देव काहीच बोलत नाही. — वसई

अर्ध्या तासात ऐकायला किती मिनिटे ठेवली आहेत? क्रम उलटा करून पाहा: आधी वचन, मग आपले बोलणे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने चार पायऱ्या लिहून ठेवल्या. वाचन, मनन, प्रार्थना आणि नुसते देवासमोर बसणे. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत आणि त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो. एका वेळी आठ ते बारा ओव्या, त्याहून जास्त नकोत. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, दुसऱ्यांदा हळू. जो शब्द अडकवून ठेवतो तिथे थांबा आणि सात-आठ मिनिटे तोच घोळवा. त्या शब्दावरून जे बोलावेसे वाटेल ते देवाशी बोला. शेवटची पाच मिनिटे काहीही मागू नका. वहीत तारीख, ओव्या आणि तो एक शब्द, एवढेच.

मन भटकणारच. भटकले की रागावू नका, तोच शब्द पुन्हा उच्चारा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबलही छापील घ्या. अडखळायला होत असेल तर दुसरे भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. एकच ओवी दोन मराठींत वाचली की परिचयाने बोथट झालेला शब्द पुन्हा टोचतो.

आणि वहीचे मागचे पान दर महिन्याच्या शेवटी उलटून पाहा. रोज न दिसणारा धागा तीस दिवस एकत्र पाहिल्यावर दिसतो. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर फादरांशी बोला आणि डॉक्टरांनाही भेटा. ही आत्मिक कोरड नसून आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : आमच्या भागात घरोघरी सहभागिता सुरू करायची आहे. मागे दोनदा केली, सहा महिन्यांत बंद पडली. काय चुकते? — कोल्हापूर

बहुतेक वेळा ती खाण्यापायी बंद पडते. पहिल्या घरी चहा-बिस्किटे, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी केक आणि वडे, पाचव्या घरी जेवण. सहाव्या घरच्या बाईला ते परवडत नाही, आणि ती ‘पाहुणे आहेत’ सांगून दिवस पुढे ढकलते. पहिल्याच दिवशी ठरवा: चहा आणि बिस्किटे, कुणाच्याही घरी याहून जास्त नाही. नियम मोडणाऱ्याला प्रेमाने पण लगेच टोका.

दुसरे कारण संख्या. सहा ते दहा माणसे चांगली. बारा झाली की दोन गट करा. पंधराच्या खोलीत चौघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांच्या लोकांना सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. बारा जणांमागे एक प्रमुख नेमला, त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. प्रमुख दारोदार जाऊ लागले तेव्हा कोण कसे जगते आहे, कुठे दारू आहे, कुठे भांडण, हे त्यांना पहिल्यांदा कळले. पैशासाठी नेमलेली माणसे अशी पाळकाचे काम करू लागली, आणि त्यातूनच आठवड्याच्या बैठका उभ्या राहिल्या. यातून घेण्यासारखे आहे ते असे: जो आला नाही त्याच्याकडे दोन दिवसांत कुणीतरी गेले पाहिजे. व्हॉट्सॲपवर ‘मिस यू’ टाकून ते होत नाही.

वेळ दीड तास. ठरल्या वेळी सुरू करा, दोघेच असले तरी. ‘उपासना संगीता’तली दोन गीते, पेटी असेल तर उत्तम, टाळ्यांवरही चालते. पंधरा मिनिटे. मग वचन पस्तीस मिनिटे: एकच उतारा आणि तीन प्रश्न. यात देवाविषयी काय दिसते? माणसाविषयी काय दिसते? या आठवड्यात आपण काय करायचे? प्रवचन नको, ते रविवारी ऐकतोच. गेल्या आठवड्यात ठरवलेले झाले का, याला दहा मिनिटे. एकमेकांसाठी प्रार्थना वीस मिनिटे. चहा दहा मिनिटे. संपवण्याची वेळ पाळली तर नोकरीवाले पुन्हा येतात. मुलांसाठी आतल्या खोलीत आळीपाळीने एक मोठे माणूस बसवा, नाहीतर तरुण आया दारातच उभ्या राहतात.

तिसरे कारण सर्वांत घातक. प्रार्थनेचा विषय दुसऱ्या दिवशी गावभर होतो. ‘त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तुम्हांला कळलेच असेल’ ही चहाडी आहे, तिला प्रार्थनेचे नाव देऊ नका. दुसऱ्याविषयीचा विषय त्याच्या परवानगीनेच मांडावा. बायकांचे आणि पुरुषांचे दोन-तीन जणांचे छोटे गट करून कबुलीजबाबाच्या गोष्टी तिथेच ठेवा. मारहाण किंवा लहान मुलाला धोका अशी गोष्ट कानावर आली तर मात्र गुप्तता नाही; ताबडतोब मदत मिळवा.

शेजारचे, बाप्तिस्मा न घेतलेले कुणी येऊन बसले तर बसू द्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आलेल्याला आग्रह, आमिष किंवा वाद नको. आणि लाउडस्पीकर तर मुळीच नको.

नऊ महिन्यांनी थांबा, दोन आठवडे सुट्टी घ्या आणि मग पुन्हा सुरू करायचे का, हे सर्वांना विचारा. शेवट ठरलेला असला की माणसे टिकतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी विचारले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. कुणावर सक्ती नव्हती. पुढे ही संख्या साडेपाचशेवर गेली. हाक देऊन येणाऱ्यांनीच सुरुवात करा, यादीतली नावे भरून नको.

प्रश्न : दुबईत आहे. मराठी मंडळी जवळ नाही, ड्युटी बदलती. सहभागिता कशी ठेवू?

आधी तिथल्याच चर्चमध्ये जा, भाषा इंग्रजी असो वा हिंदी. आखातात शुक्रवारीही उपासना होतात, त्यामुळे पाळी पाहून निवडता येते. आजारी पडलात तर डबा घेऊन येणारे माणूस फोनच्या पडद्यातून येत नाही. घरी मोठी सभा भरवण्याआधी चर्चच्या कार्यालयात विचारा. तिथले कायदे आपल्यापेक्षा वेगळे आहेत.

मराठीत प्रार्थना करायची ओढ मात्र जपा. गावाकडचे किंवा मित्रांतले दोघे निवडा, तिघांहून जास्त नको. आठवड्यातून एकदा पंचवीस मिनिटांचा फोन. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, ते धरून वेळ ठरवा. एक स्तोत्र वाचा, प्रत्येकाने गेल्या आठवड्याचे एक खरे वाक्य सांगा, आणि प्रत्येकाने शेजारच्यासाठी प्रार्थना करा. ड्युटी बदलती असल्यामुळे वार पक्का करता येणार नाही. म्हणून पुढच्या फोनचा दिवस आणि वेळ ठरवूनच फोन ठेवा.